जुन्या मोटारीला घरी रंग द्यावा, पण कोणता?

मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. १९७४ पासून या नावाने ओळखली जाणारी ही मोटार मूळच्या फियाट ११०० या इटालियन गाडीचीच भारतीय आवृत्ती. मुंबईच्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. पण अनेक घरांत आजोबांची किंवा वडिलांची पद्मिनी अजून जपून ठेवलेली असते, आणि तिचा रंग उडाला की एक प्रश्न हमखास उभा राहतो : रंगकाम बाहेर द्यावे, की घरच्या गॅरेजमध्ये आपणच करावे?

यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. "हे कारागिराचे काम, आपण त्यात पडू नये," असे एक मत. "कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने आणली की झाले, त्यात काय कठीण!" हे दुसरे. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. रंगकामाचा मोठा भाग घरी करता येतो व करावाही. पण त्यातला एक भाग असा आहे की तो घरी मुळीच करू नये. ही सीमारेषा कोठे आखायची, हे हौसेने किंवा भीतीने ठरत नाही. ते ठरवण्यासाठी थोडे रसायनशास्त्र व थोडे अंकगणित लागते.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. मोटारीवरील रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणे एक दशांश मिलिमीटर असते. बाहेरचा पत्रा दहा चौरस मीटर धरला, तर वाळलेल्या रंगाचे एकूण आकारमान भरते फक्त एक लिटर. एवढ्याशा पापुद्र्यावर सगळ्या गाडीच्या पत्र्याचे आयुष्य अवलंबून असते. पद्मिनीसारख्या गाडीला ट्रकप्रमाणे वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पत्रा गंजला तर केवळ शोभा जात नाही, गाडीची ताकदच जाते.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. त्या गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, ही गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणूनच रंगाखाली गंज धरला की वरचा रंग फुगतो, त्याला पुळ्या येतात, आणि शेवटी तो पोपड्यासारखा निघून येतो. शिवाय गंज सच्छिद्र असतो. अ‍ॅल्युमिनिअमवर चढणारा ऑक्साइडचा थर खालच्या धातूचे रक्षण करतो, तसे रक्षण गंज करीत नाही. गंजावरच रंग फासणे म्हणजे रोग्याला औषध न देता नवा सदरा घालण्यासारखे आहे.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. रंगकामातील खरे काम म्हणजे रंगाखालची तयारी. जुना रंग काढणे, गंज पार चकचकीत लोखंडापर्यंत घासणे, तेलकटपणा पुसणे, प्रायमर देणे, खड्ड्यांत पातळ थरांनी लांबी भरणे आणि वॉटर पेपरने घासून पत्रा सपाट करणे. कोणत्याही गॅरेजात कामाचे बहुतेक तास यातच जातात, आणि घाई होते तीही येथेच. घरी मात्र वेळेची घाई नसते. चार रविवार अधिक लागले तरी कोणाचे काही अडत नाही. म्हणून हा भाग घरचा माणूस पुष्कळदा अधिक चांगला करू शकतो.

यातही जपून वागायचे ते एका गोष्टीला. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. गंज रोखण्यासाठी प्रायमरमध्ये ते पूर्वी सर्रास वापरीत, आणि पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात कडक मर्यादा आली ती २०१७ साली. तेव्हा जुन्या गाडीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. साठलेला चिखल गोळा करावा. तो अंगणात किंवा गटारात लोटू नये, आणि घरात लहान मूल असेल तर या बाबतीत दुप्पट काळजी घ्यावी.

आता रंगाकडे वळू. रंग 'वाळतो' असे आपण म्हणतो. पण वाळण्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. पहिला प्रकार नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. अमेरिकेत १९२३ साली 'ड्यूको' या नावाने तो बाजारात आला, आणि मोटार रंगवायला पूर्वी लागणारे आठवडे काही तासांवर आले. आपल्याकडील कारागीर अजूनही गन मारून दिलेल्या रंगाला 'ड्यूको' म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. यात द्रावक उडून जातो व रंग मागे उरतो, इतकेच घडते. दुसरा प्रकार सिंथेटिक इनॅमलचा. यात द्रावक उडून गेल्यावर रंगातील तेलकट रेणू हवेतील प्राणवायू घेऊन एकमेकांशी जोडले जातात. तिसरा प्रकार दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगाचा. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळताच रासायनिक क्रिया सुरू होते आणि अत्यंत टणक, चकचकीत थर तयार होतो. आजच्या गॅरेजांत मुख्यतः हाच रंग वापरतात.

घरच्या गॅरेजात गन चालवावी काय, याचा हिशेब आता आपणच करून पाहू. थिनरचा एक मुख्य घटक टोल्यूइन. त्याचा रेणुभार ९२ आणि हवेचा सरासरी २९. म्हणजे त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड. हवा स्थिर असेल तर ती जमिनीलगत पसरते. १ लिटर टोल्यूइनचे वजन सुमारे ८७० ग्रॅम. त्याची खोलीच्या तापमानाला सुमारे २३० लिटर वाफ होते. हवेत ही वाफ सुमारे १.२ टक्के झाली की ठिणगी पडताच मिश्रण पेटते.

५ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २.५ मीटर उंच अशा बंद गॅरेजात ३७,५०० लिटर हवा असते. तिच्या १.२ टक्के म्हणजे ४५० लिटर वाफ. तेवढ्यासाठी थिनर लागते २ लिटरपेक्षाही कमी. वाफ जमिनीपासून अर्ध्या मीटरपर्यंतच साठली, तर मोठा पेलाभर, म्हणजे ४०० मिलिलिटरपेक्षा थोडे कमी थिनर पुरते. गाडी रंगवताना, मिसळायला आणि गन धुवायला मिळून, काही लिटर थिनर सहज खर्च होते. आणि कॉम्प्रेसरची मोटार, तिचा स्विच व वायर असतात कोठे? जमिनीलगतच. एवढा हिशेब केल्यावर दार बंद करून गन चालवण्याचा धीर कोणाला होईल असे वाटत नाही. धूळ बसू नये म्हणून दार लावून घ्यावे, असा सल्ला अनेक जण देतात. तो सल्ला रंगासाठी चांगला आहे, पण माणसासाठी घातक आहे.

आगीपेक्षाही फसवा धोका तिसऱ्या प्रकारच्या रंगात आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला ज्या वायूने हजारो बळी घेतले, तो मिथिल आयसोसायनेट याच वर्गातला. रंगातील आयसोसायनेटे त्याहून निराळी आहेत व ती फार कमी उडतात, तेव्हा दोहोंची बरोबरी करणे योग्य नाही. पण गनने रंग उडवला की त्याचे सूक्ष्म तुषार होतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याचे आयसोसायनेटे हे एक प्रमुख कारण मानले जाते. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प प्रमाणही दम्याचा झटका आणू शकते. शिवाय वासावरून धोका ओळखता येत नाही, कारण वास येण्याआधीच प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले असते. नाकाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून गाळणारी बंदिस्त रंगखोली, हाच खरा बंदोबस्त. हा बंदोबस्त घरी होत नाही. म्हणून हा रंग घरी उडवू नये. माझी सीमारेषा ती ही.

यावर कोणी म्हणेल, "नाक्यावरच्या गॅरेजातला पेंटर रोज हेच करतो, त्याला कुठे काय होते?" या युक्तिवादात दोन दोष आहेत. ज्याला दमा जडला तो ते काम सोडून जातो, आणि आपल्याला दिसतात ते फक्त टिकून राहिलेले. दिसणाऱ्यांवरून न दिसणाऱ्यांचा निष्कर्ष काढणे हे विज्ञान नव्हे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जे रसायन माझ्या गॅरेजात, माझ्या मुलांजवळ नको, ते रस्त्याकडेच्या शेडमध्ये तोंडाला फडके बांधून उभ्या असलेल्या मुलाच्या फुप्फुसात गेले तर चालते, असे आपण म्हणणार काय? काम बाहेर दिले म्हणजे धोका नाहीसा होत नाही, फक्त तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. म्हणून गाडी बाहेर द्यायची तर रंगखोली आहे का, पेंटरला हवेचा मुखवटा दिला आहे का, हे विचारूनच द्यावी, आणि त्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागले तर ते मोजावेत. चकाकीची किंमत विचारणाऱ्याने श्वासाचीही किंमत विचारली पाहिजे.

मग घरी कोणता रंग द्यावा? माझे उत्तर सरळ आहे : गॅरेजचे दार उघडे ठेवून किंवा सावलीच्या मोकळ्या जागेत, चांगल्या ब्रशने किंवा बारीक रोलरने, सिंथेटिक इनॅमलचे पातळ थर. प्रत्येक थर पुरता वाळल्यावर वॉटर पेपरने हलके घासावे, मग पुढचा थर द्यावा. साध्या गनने उडवलेल्या रंगापैकी निम्म्याहून अधिक पत्र्यावर बसतच नाही. ब्रशचा जवळजवळ सर्व रंग पत्र्यावरच जातो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. पत्र्यावर दमट हवेचे पाणी बसते व रंगाची चकाकी मरते. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात ठेवणेही चूक, कारण प्रायमर पाणी शोषून घेतो. रंगाची फडकी बोळे करून कोपऱ्यात टाकू नयेत. ज्या ऑक्सिडीकरणाने इनॅमल वाळते त्याच क्रियेची उष्णता बोळ्यात कोंडते आणि फडके आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवावीत.

असा रंग आरशासारखा दिसणार नाही, हे खरे. पण जुन्या गाडीला आरशासारखी चकाकी मुळात होती कोठे? पद्मिनी नवी होती तेव्हा आजच्यासारखा पारदर्शक टणक थर वर देण्याची पद्धत नव्हती. जुनी गाडी जपायची तर तिचे वयही जपावे.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. लोखंडी पट्टीचे तीन तुकडे घ्या. एक घासून स्वच्छ केलेला, एक गंजलेला, एक तेलकट बोट फिरवलेला. तिन्हींना पाण्यात मिसळणारा तोच रंग, तितकेच थर द्या. वाळल्यावर प्रत्येकावर खिळ्याने एक रेघ ओढा, मिठाच्या पाण्यात ठेवा आणि रोज निरीक्षण नोंदवा. पंधरा दिवसांनी कोणत्या तुकड्याचा रंग रेघेपासून किती मिलिमीटर सुटला ते मोजा. त्यात थिनर नाही, गन नाही, धोकाही नाही. आणि घरी जुन्या गाडीचे काम निघालेच, तर विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांबरोबर पाणी लावून घासण्याला जरूर हात लावावा. थिनरच्या डब्यापासून मात्र दूर राहावे, आणि कोणी गॅरेजचे दार लावू लागले तर वरचा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवावा.