चालता संगणक भंगारात का घालायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरोघरच्या सात-आठ वर्षं जुन्या संगणकांचं आयुष्यही संपल्यातच जमा झालं. दुकानदार म्हणतो, ‘यात आता काही राम नाही, नवाच घ्या.’ ओळखीतला इंजिनिअर मुलगाही तेच सांगतो. युक्तिवाद असा: सुरक्षेची अपडेट बंद, म्हणजे धोका. विंडोज ११ जुन्या यंत्रावर चढत नाही. म्हणून यंत्र बदला. ऐकायला बिनतोड वाटतं, पण मधली एक पायरी यात गुपचूप गाळलेली आहे.

पहिलं विधान खरंच आहे. ‘आमच्या संगणकात चोरण्यासारखं आहे काय?’ म्हणून जुनं विंडोज तसंच रेटणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. त्याच संगणकावरून नेट बँकिंग होतं, त्यातच आधार-पॅनच्या पीडीएफ पडलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव अपडेटची सोय केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यानंतर नवी भोकं सापडतील आणि कोणी ती बुजवणार नाही.

दुसरं विधान मात्र जरा उलटून पाहायला हवं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. रॅमची किमान अट मात्र अवघी ४ जीबी. परिणाम काय? २०१७ साली हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा आय-सेव्हन, १६ जीबी रॅमसकट, नापास. आणि ४ जीबीचा सगळ्यात स्वस्त सेलेरॉन लॅपटॉप पास. या पास झालेल्या गड्यावर क्रोमचे पाच-सात टॅब आणि एक झूम मीटिंग एकदम चालवून बघा. टीपीएम निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली त्यात राहते, आणि लोकलमध्ये विसरलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपला त्याचा मोठा आधार आहे. पण ‘तुमचा संगणक चालत नाही’ आणि ‘तुमचा संगणक आमच्या यादीत नाही’ ही एकच गोष्ट म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जाते, त्याला माझी हरकत आहे.

‘पण तो स्लो झालाय ना!’ झालाय. का, ते पाहायला एक मिनिट लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के आणि ‘सीपीयू’ खाली १०-१५ टक्के दिसलं, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सगळ्यांना अडवून धरतेय. तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली की सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो. रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. हे सगळं नव्या यंत्राच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात भागतं, म्हणूनच की काय, दुकानात ते कोणी आपणहून सुचवत नाही.

आता गाळलेली पायरी: यंत्र तेच ठेवून ऑपरेटिंग सिस्टिम बदलता येते. लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कायदेशीर हा शब्द मुद्दाम वापरला. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणारा माणूस पेन ड्राइव्हमधून जे टाकून जातो ते बहुतेकदा क्रॅक केलेलं असतं, आणि त्यासाठी त्याने अँटिव्हायरस आधी बंद केलेला असतो. वर सुरक्षेचा उपदेशही तोच करतो!

लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं, हा समज २०-२५ वर्षांपूर्वी बराचसा खरा होता. आज मिंटमध्ये खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ ची सवय असलेल्या आजोबांना विंडोज ११ पेक्षा तेच जवळचं वाटेल. फायरफॉक्स, क्रोम, झूम, व्हीएलसी सगळं आहे. पत्रं आणि हिशेबाचे तक्ते यांना लिबरऑफिस पुरतं. मराठीसाठी काही विकत घ्यावं लागत नाही: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडला की तोच कळफलक येतो जो सरकारी कचेऱ्यांत चालतो. ‘के’वर क, शिफ्ट धरून ख.

मुलांचं पुढे नुकसान होईल, ही भीती आपल्याकडे जास्त आहे आणि तिचं मूळही आपल्याकडेच आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीला संगणकाची ओळख झाली, ती विंडोज, वर्ड आणि एक्सेल अशीच. तो उपक्रम मोलाचा होता. पण संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण त्यातून पक्कं झालं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत. नोकरीच्या बाजारात ती आपल्या मुलांहून मागे पडल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

इथवर वाचून लिनक्सभक्त खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ‘वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू पाहणारं सॉफ्टवेअर) टाका, सगळं चालतं’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर बेजबाबदार आहे. घरातून टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने २० तारखेला जीएसटीचं विवरण भरायचं की वाइनशी झटापट करायची? डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी विंडोज गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. फोटोशॉप आणि श्री-लिपीवर पोट असलेला डीटीपीवाला, जुने अहवाल त्याच फाँटमध्ये जपून ठेवलेला सोसायटीचा सेक्रेटरी, ‘व्हॅलोरंट’ गेमशिवाय जेवण न जाणारा मुलगा, या सगळ्यांनी विंडोजच घ्यावं, खुशाल नवं यंत्र घ्यावं.

घेताना ‘आय-सेव्हन आहे’ एवढ्यावर भुलू नये. आय-सेव्हनच्या पुढचा आकडा वाचावा: ४७७० म्हणजे चौथी पिढी, १२७०० म्हणजे बारावी. रिफर्बिश्डच्या बाजारात चौथ्या पिढीचे आय-सेव्हन चकचकीत पुसून मांडलेले असतात आणि विंडोज ११ च्या यादीत ते नाहीत. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला अलीकडचा आय-थ्री घरासाठी पुरून उरतो. रॅम बोर्डावरच पक्की डकवलेली नाही ना, एवढं विचारावं, म्हणजे पुढे वाढवता येते. मॅक मिनी उत्तम यंत्र आहे, पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही आणि टॅलीवाल्याची अडचण तिथेही तशीच राहते.

राहिला प्रश्न, लिनक्स बिघडलं तर तालुक्याच्या गावी दुरुस्त कोण करणार. आक्षेप वाजवी आहे. असा माणूस सहज मिळत नाही. पण विंडोजवाला तरी काय करतो? फॉरमॅट मारतो. ते काम मिंटच्या पेन ड्राइव्हवरून कोणालाही जमतं, फक्त फोटो आणि कागदपत्रं आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलेली हवीत. शिवाय तोच पेन ड्राइव्ह लावून, आतल्या डिस्कला हात न लावता, मिंट आधी चालवून पाहता येतं. वायफाय मिळतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर कागद ओढतो का, हे तपासावं. काही जुन्या लेझर प्रिंटरांचं लिनक्सशी अजिबात जमत नाही. तसा प्रिंटर घरात असेल, तर हा सगळा खटाटोप करण्यापूर्वी त्याचा निकाल लावावा.