कंदमुळे काळीत की पांढरीत?

वऱ्हाडची जमीन कसदार आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आणि ते खोटे नाही. परंतु जी जमीन कपाशी, तूर व ज्वारी यांस मायेने पोसते तीच गाजर-मुळ्यांशी सावत्रपणाने वागते, ही गोष्ट आपण सहसा बोलून दाखवीत नाही. अमरावती अथवा अकोला जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजारात माघ महिन्यात घटकाभर उभे राहून पाहावे. दहा-दहा एकर काळीचे धनी पिशवी घेऊन गाजरे, बीट आणि शिवरात्रीची रताळी विकत नेताना दिसतील. यात त्यांचा आळस आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी जागा चुकीची धरली आहे, एवढेच आमचे म्हणणे. काळी म्हणजे लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, हा भेद दप्तरात व बोलण्यात जुना आहे. घरच्यापुरती कंदमुळे काळीत नव्हे, पांढरीत लावावीत. म्हणजे घरामागील सांदवाडीत, मुद्दाम तयार केलेल्या मातीत लावावीत. त्यायोगे पेरणीपेक्षाही काढणीचा प्रश्न सुटतो, आणि खरी अडचण काढणीचीच आहे.

काळ्या मातीत चिकणाचा अंश पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून अधिक असतो. हा चिकण पाणी पिऊन फुगतो व वाळला की आकसतो. म्हणूनच वैशाखात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. कपाशीचे सोटमूळ या मातीत खोल जाते खरे, पण ते आपणांस उपटून खावयाचे नसते. गाजराचे तसे नाही. त्याचे मूळ सरळ वाढून जाडही व्हावे लागते. ढेकूळ आडवे आले की ते वाकते किंवा त्यास फाटे फुटतात. मग काढणीची वेळ येते. माती ओली असली तर मुळास चिखल लगडून येतो आणि धुण्यास घागरी पुरत नाहीत. कोरडी असली तर पाला हातात येतो व मूळ जागच्या जागी राहते. कुदळ घालावी तर कंद कापला जातो, आणि कापलेला कंद टिकत नाही. ज्यांनी उन्हाळी भुईमूग घेतला आहे त्यांस हे नव्याने सांगावयास नको. वाळलेल्या जमिनीत किती शेंगा राहून जातात हे पाहूनच काढणीपूर्वी हलके पाणी देण्याचा रिवाज पडला.

आता चार मुळ्यांसाठी शेतात जाऊन खणण्याचे हे काम घरात कोण करते? धनी करीत नाही. ते घरच्या बाईकडे येते, आणि ती साठीची असली, गुडघे धरले असले, तरी तिच्याकडेच येते. सबब पुष्कळ घरांत कंदमुळे लावणेच बंद झाले. याचा दोष त्या माउलीकडे जात नाही.

यास थोडा इतिहासही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची कपाशी अडली आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. त्याच दशकात आगगाडीही या मुलखात पोचली. तेव्हापासून आपले लक्ष नगदी पिकाकडे लागले ते लागलेच. अलीकडे त्यात सोयाबीनची भर पडली. सांदवाडी मात्र कोणाच्या हिशेबात आली नाही. आमची हयात महसुली कारकुनीत, पीकपेऱ्याच्या नोंदी पाहण्यात गेली. त्यांत घरामागच्या वाफ्यास रकाना नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतकरी स्वतःच मोबाइलवर नोंद करू लागला, तरी वाफा तेथेही येत नाही. त्याची नोंद असावी असा आमचा आग्रह नाही. पण ज्याची नोंद नाही त्यास मोल नाही, ही जी समजूत आपल्या मनात रुजली आहे, तिच्याशी आमचे भांडण आहे.

वाफा कसा करावा ते आता सांगतो. लांबी दहा फूट, रुंदी तीन फूट, उंची एक फूट. रुंदी तीन फुटांहून अधिक नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय कधीही पडता कामा नये. पायाने दबलेली माती पुन्हा काळीसारखीच घट्ट होते. कडेला जुन्या विटा लावाव्यात किंवा तुराट्यांचा कूड करावा. पऱ्हाटी मात्र यासाठी वापरू नये. ती घराजवळ साठवली की तिच्यावरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते व पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर येते.

एवढ्या वाफ्यास तीस घनफूट मिश्रण लागते. त्यात शेतातील माती चाळून दहा, नदीची जाडी वाळू दहा आणि पूर्ण कुजलेले शेणखत दहा घनफूट घ्यावे. खतात कसर करू नये; चिकणात नुसती थोडी वाळू मिसळली तर तिची वीटच होते. सोयाबीनचे कुटार वर्षभर खड्ड्यात कुजविलेले असेल तर तेही खतासोबत चालते. ताजे शेण गाजरास बाधते, त्याने फाटे फुटतात. पडक्या भिंतीची पांढरी माती पूर्वी शेतात खत म्हणून नेत असत, तिचा थोडा अंश चालेल. परंतु धाब्यावर घालतात ती खारवट माती वाफ्याच्या जवळपास आणू नये.

नवरात्र उलटले व पाऊस निघून गेला की गाजराचे बी चार ओळींत पेरावे. ओळींत नऊ इंच अंतर राखावे आणि रोपे बोटभर झाली की तीन-तीन इंचांवर एक ठेवून बाकीची विरळावीत. हिशेब सोपा आहे : एका ओळीत चाळीस, चार ओळींत एकशे साठ. पुष्कळांचा हात विरळणी करताना कचरतो, आणि मग साऱ्याच मुळांच्या शेपट्या होतात. गाजर तीन ते सव्वातीन महिन्यांत तयार होते. मुळ्याची पुसा चेतकी ही जात चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येते व उष्मा सोसते, म्हणून तिची पेर पंधरा-पंधरा दिवसांनी थोडीथोडी करावी. काढावयाच्या दिवशी सकाळी वाफा शिंपावा. तिसऱ्या प्रहरी पाल्याच्या बुडाशी धरून ओढले की मूळ सबंध येते. येथे कुदळीचे काम नाही. हवे तेवढेच काढावे, बाकीचे मातीतच ताजे राहते.

रताळी, हळद व आले यांस वाफ्याहून पोते बरे. गोणपाट मिळाले तर उत्तम. खताचे रिकामे पोते स्वच्छ धुऊन, बुडाशी पाच-सहा भोके पाडून घेतले तरी चालते. उन्हाने ते जीर्ण होऊ लागताच बदलावे, नाहीतर त्याच्या चिंध्या मातीत मिसळतात. कीटकनाशकाचे डबे व पिंपे मात्र कितीही धुतले तरी घेऊ नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. असल्या विषाच्या भांड्यात मुलांच्या तोंडी जाणारा कंद वाढवावा काय?

पूर्णेच्या खोऱ्यातील वाचक म्हणतील, आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे, त्यास काय उपाय? अडचण खरी आहे. गाजर, मुळा व कांदा यांस खारे पाणी फारच थोडे सोसते. परंतु शेताच्या तुलनेत वाफ्यास पाणी घागरींनी मोजण्याइतके लागते, आणि तेवढे गोडे पाणी घरात भाजी-तांदूळ धुतल्यावरच उरते. साबणाचे पाणी घालू नये, त्यातही क्षार असतात. ज्यांस गोड्या पाण्याचा तोटाच आहे त्यांनी बीट लावावे. ते खारटपणा बऱ्यापैकी सोसते आणि त्याच्या पाल्याचीही भाजी होते. पावसाळ्यात वाफे उघडे ठेवावेत, म्हणजे साचलेले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातात.

हा शहरी लोकांचा गच्चीवरचा छंद आहे, जमीनदार शेतकऱ्याने पोत्यात काय लावावयाचे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. केनियातील नैरोबी शहरी किबेरा नावाच्या दाट वस्तीत लोक पोत्यांत भाजी पिकवितात, ते जमीन नाही म्हणून. आपण ते जमीन आहे तरी करावे, कारण आपली जमीन या कामाची नाही. शिवाय सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत आपणांस सुचविली जाते, तिच्यामागील विचारही हाच : भारी जमिनीत मुळाखाली भुसभुशीत उंचवटा हवा. शेतात जे शहाणपण ठरते ते घरामागे छंद कसे ठरेल? विक्रीसाठी गाजर वा हळद घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांनी यंत्राने वरंबे पाडून शेतातच घ्यावे, त्यांच्यासाठी हा लेख नाही.

हळदीचे पोते ज्येष्ठात भरावे आणि अर्ध्या सावलीत, भिंतीच्या पूर्वेस ठेवावे. माघाच्या सुमारास पाला पिवळा पडून वाळला की पाणी तोडावे, आठ-दहा दिवसांनी ताडपत्री अंथरून पोते तीवर आडवे करावे व तळाकडून हळूच झटकावे. माती भुसभुशीत असल्याने गड्डे आपोआप सुटे होतात, आणि हे काम बाजेवर बसूनही होते. त्यांतील निरोगी गड्डे बेण्यासाठी निराळे काढून सावलीत कोरड्या वाळूत ठेवावेत. उरलेल्या मातीत नवे शेणखत मिसळून ती पुन्हा पोत्यात भरावी. त्याच मातीत लागलीच दुसरा कंद मात्र लावू नये. मेथी किंवा चवळी घ्यावी.