व्हिसाची वाट पाहताना

गेल्या महिन्यात राजिवड्यातला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन त्याला चौदा महिने झालेत. सध्या काय करतोस, विचारलं तर म्हणाला, "सर, मामू कतारला आहेत. त्यांनी कागद मागवलेत." कागद पाठवूनही आठ महिने उलटले होते.

आपल्या मोहल्ल्यांना ही वाट पाहणं नवीन नाही. आखातातल्या कमाईवर कोकणात घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्या पिढीचे उपकार विसरता येणार नाहीत. पण तेव्हा जाणारा वेल्डर, फिटर हातात कसब घेऊन जायचा. आजच्या इंजिनिअरच्या हातात पदवी असते, काम शिकायचं राहिलेलं असतं. आणि आखातातही पहिला प्रश्न अनुभवाचाच येतो.

मी त्याचा बायोडेटा पाहिला. मित्राचा उतरवून नाव बदललेला. कॉलेजमधल्या प्रोजेक्टबद्दल विचारलं तर "ग्रुपने केला" एवढंच. मग सहज अब्बांच्या लाँचच्या इंजिनाचा विषय काढला. पोरगा पंधरा मिनिटं थांबला नाही. खाऱ्या पाण्याने पाइप कसे गंजतात, डिझेलमध्ये पाणी शिरलं तर काय होतं, सुट्टीत त्याने स्वतः पंप कसा बदलला, सगळं सांगितलं. यातलं एक अक्षर बायोडेटात नव्हतं. "हे कोण विचारतंय, सर?"

अरे बाबा, हेच विचारतात! इंग्रजीची भीती खरी आहे, मी भाषेचाच शिक्षक आहे. पण जे आपल्या बोलीत नीट सांगता येतं, त्याची दहा साधी इंग्रजी वाक्यं महिनाभरात बसवता येतात. आपल्याला येतं ते सांगण्यासारखं आहे, यावरच उर्दू माध्यमाच्या मुलांचा विश्वास नसतो.

दुसरी गोष्ट अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही आले. केंद्राच्या योजनेत वर्षभर प्रत्यक्ष काम शिकता येतं, दरमहा विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी ऑनलाइन आहे. आपल्या जिल्ह्यात लोटे-परशुरामची एमआयडीसी आहे, जयगड आणि अंजनवेलला वीज प्रकल्प आहेत. तिथे नाही जमलं तर मुंबई-पुणे आहेच. पण घरचे म्हणतात, "इंजिनिअर होऊन शिकाऊ कामगार?" ही लाज मुलांचं एकेक वर्ष खाते आहे.

नाव बघून अर्ज बाजूला ठेवतात, असंही मुलं म्हणतात. असं होतच नाही, असं मी म्हणणार नाही. सरकारी नोकऱ्यांतला आपला तोकडा वाटा सच्चर समितीने २००६ मध्येच आकड्यांनिशी मांडला आहे. त्यासाठी आवाज उठवायलाच हवा. पण माझ्या या विद्यार्थ्याने चौदा महिन्यांत किती अर्ज केले होते? तीन. त्याला नाकारायची वेळ अजून फारशी कुणावर आलेलीच नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून बायोडेटा नव्याने लिहिला. लाँचचं इंजिन सगळ्यात वर आलं.

आईवडिलांना एवढीच विनंती: मामूंना फोन जरूर करा, पासपोर्टही तयार ठेवा. पण व्हिसा येईपर्यंत मुलगा रोज सकाळी डबा घेऊन कुठेतरी कामाला गेला पाहिजे. पगार कमी असला तरी चालेल.