दुसऱ्याची चिठ्ठी वाहताना

घरातला जुना संगणक भंगारवाल्याला द्यायचे ठरले होते. पुतण्याने तो अडवला आणि त्यावर आय-टू-पी बसवले. हे काय प्रकरण आहे, असे काही वाचकांनी विचारले, म्हणून आज त्याविषयी.

बंधू-भगिनींनो, पाकीट बंद असले तरी त्यावरचे पत्ते पोस्टमनला दिसतातच. इंटरनेटचेही तसेच आहे. कोण कोणाशी बोलले हे मधल्या कंपनीला कळते. आय-टू-पी हे २००३ पासून चालत आलेले, फुकट मिळणारे जाळे तेच झाकते. चिठ्ठी थेट न जाता अनोळखी माणसांच्या संगणकांवरून फिरत जाते. अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. त्याला फक्त मागचा आणि पुढचा नोड ठाऊक असतो. जायची वाट वेगळी, यायची वेगळी, आणि दर १० मिनिटांनी वाटा बदलतात. येथे कोणी मालक नाही. जो वापरतो तो बहुधा दुसऱ्यांच्याही चिठ्ठ्या वाहतो, आणि त्या गर्दीतच आपली चिठ्ठी लपते.

आमचा नोड मात्र तीन दिवस जाळ्यात शिरेना. पुतण्या इंटरनेट कंपनीला बोल लावत होता. आम्ही पडलो कारकून, कागद हाती आला की आधी तारीख पाहणार. पडद्याच्या कोपऱ्यात साल होते २००९! आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली, त्यामुळे संगणक बंद केला की घड्याळ मागे जाई. नव्या नोडला इतर नोडांची पहिली यादी ठरावीक सर्व्हरवरून आणावी लागते. त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र आजचे. २००९ मध्ये बसलेल्या संगणकाला ते अजून लागूच झालेले नाही असे वाटते, आणि तो ते नाकारतो. नवा सेल घातला, तारीख लावली, काम झाले.

मग 'फायरवॉल्ड' हा शब्द दिसू लागला. त्यापायी आम्ही दोन संध्याकाळी फुकट घालवल्या. घरच्या राउटरवर पोर्ट उघडले, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, तरी तेच. "काका, कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय," पुतण्या म्हणाला. तेथे आपल्या हाती काही नाही. पण असा नोडही चालतो. बाहेरच्यांना दुसरा एखादा नोड त्याची ओळख करून देतो.

पोलीस दारात आले तर, ही आमच्या पत्नीची शंका. आपण वाहतो ते कुलूपबंद असते, आपल्यालाही वाचता येत नाही. आपण मुद्दाम तशी सोय केल्याशिवाय आपल्या पत्त्यावरून परक्या माणसाला साध्या इंटरनेटवर जाता येत नाही. मात्र आपण हे जाळे चालवतो हे कंपनीला कळू शकते, आणि इतर नोडांना आपला पत्ता दिसतो. ते लपत नाही, हे समजूनच चालवावे. डेटा संपेल ही भीती असेल तर वेग आणि इतरांना द्यायचा वाटा आपण कमी करू शकतो.

आणखी एक चूक आमच्याच घरात होत होती. रात्री पत्नी सरळ भिंतीवरचे बटण बंद करीत. आपल्यावरून कुणाची वाट जात असेल तर ती मध्येच तुटे. त्यासाठी सावकाश बंद करण्याची सोय आहे. नोड नवी वाट घेत नाही, चालू वाटा संपेपर्यंत दहा-अकरा मिनिटे थांबतो आणि मग बंद होतो. हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं ना." आता जेवणे उरकली की त्याच ते बटण दाबतात आणि भांडी घासायला घेतात.