अक्षरे जुळली, शब्द आला काय?

नागपूरचा वैशाख कोणाला घराबाहेर पडू देत नाही. भर दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरच्या घरघरीत घरोघरी बैठे खेळ रंगतात. पत्ते व कॅरम यांच्या जोडीला आता इंग्रजी शब्दखेळही आले आहेत. स्क्रॅबलच्या पटावर एखाद्या मुलाच्या वाट्याला ‘क्यू’ येतो. त्याच्या पाठोपाठ हवा असणारा ‘यू’ मात्र काही केल्या येत नाही. मग ते मूल मोबाइल उचलते, हातची अक्षरे त्यात भरते आणि क्षणार्धात शब्दांची यादी समोर येते. ‘क्यू’ आणि ‘आय’ एवढ्या दोनच अक्षरांचा शब्द पटावर बसतो, गुण पदरात पडतात. चिनी विचारपरंपरेतील प्राणशक्तीचे ते नाव असून त्याचा उच्चार ‘ची’ असा होतो, हे त्या मुलाला ठाऊक नसते. ते विचारण्याची त्याला गरजही भासत नाही.

प्रसंग क्षुल्लक आहे, परंतु त्यात दडलेला प्रश्न क्षुल्लक नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयात वा स्पर्धापरीक्षेत इंग्रजी शब्दासमोर अडखळतो. हे भय घालवण्यास शब्दखेळ उपयोगी पडतील, ही अनेक शिक्षकांची अपेक्षा रास्तच आहे. पण शब्द खेळणाऱ्याने स्वतः शोधला, तरच ती फळास येईल.

हा खेळ मराठी घरांना नवा नाही. भेंड्या लावताना प्रतिपक्षाला ‘ळ’वर वा ‘ण’वर आणून अडवणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती आहे. विशिष्ट अक्षराने सुरू होणारे कडवे हवे, म्हणून मुले श्लोक, आर्या, अभंग मनात चाळीत असत. त्या चाळण्यातूनच कविता पाठ होत गेली. अक्षर हे केवळ निमित्त होते. स्मरणाची मशागत हे खरे फळ होते. यादी हाती असती, तर भेंडी चढवता आली असती, पण कविता कंठात राहिली नसती.

नशीब आणि कौशल्य यांतील फरक एकदा न्यायालयालाही तपासावा लागला होता. बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी देशात इतका जोर धरला, की १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांविषयी कायदा करून बक्षिसांच्या रकमेवर महिना एक हजार रुपयांची मर्यादा घातली. पुढे १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नशिबावर चालणारी स्पर्धा आणि प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असणारी स्पर्धा यांत स्पष्ट भेद केला. आज या दोहोंत यंत्र हा तिसरा भिडू शिरला आहे. यादी पाहून मिळवलेले गुण नशिबाचे नव्हेत आणि कौशल्याचेही नव्हेत.

यावर कोणी म्हणेल, की अर्थावाचूनही हा खेळ जिंकता येतो. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद पटकावले, हे खरेच आहे. परंतु त्यांनी शब्दकोशातील शब्द आधी डोक्यात साठवले होते; ते कष्ट त्यांचे स्वतःचे होते. शिवाय त्यांना अजिंक्यपद हवे होते, भाषा नव्हे. नागपूरच्या विद्यार्थ्याला भाषा हवी आहे.

ती कशी मिळवावी, याचा धडा खेळाच्या जन्मकथेतच आहे. महामंदीत बेकार झालेले अमेरिकन वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवले. म्हणूनच इंग्रजी संचातील शंभर सोंगट्यांत ‘ई’च्या बारा असून प्रत्येकीला एकच गुण आहे, ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकच, पण दहा-दहा गुणांचे. गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेले ‘हितवाद’ हे इंग्रजी दैनिक नागपुरात आजही निघते. त्याचे एक पान वर्गात देऊन शिक्षकांनी हीच मोजणी मुलांकडून करून घ्यावी. प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ कोशात पाहून वाक्यात योजल्याखेरीज गुण देऊ नयेत, एवढा एकच नियम घालावा.

आणि हीच मोजणी मराठी पानावरही व्हावी. ‘क्षेत्र’ हा शब्द कोड्याच्या दोन चौकटींत मावतो; संगणकाच्या युनिकोडमध्ये मात्र त्याची सात चिन्हे होतात. मराठीचे अक्षर म्हणजे नेमके काय, हे यातून मुलांना आपोआप उमगेल. दाते-कर्वे यांच्या सात खंडांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तही शब्द आद्याक्षरानेच लावलेले आहेत; मध्ये ‘ळ’ असणारा शब्द शोधायचा, तर आधी स्वतःच्या आठवणीतच उतरावे लागते. सुटी संपून शाळा उघडतील, तेव्हा असा एक तास वेळापत्रकात बसवणे कोणत्याही शाळेला अवघड नाही. त्याला खर्च लागणार नाही. लागेल तो एका जुन्या वर्तमानपत्राचा कागद आणि एक कोश.