प्रकल्प ग्रामसभेपुढे मांडताना

ज्यांनी निर्णय घ्यायचा, त्यांना काम, खर्च, लाभ आणि धोके नीट कळतील अशा रीतीने प्रकल्प मांडणे म्हणजे सादरीकरण. पण प्रकल्प व्यवस्थापकाच्या या कौशल्याचा विचार बहुधा आवाज, हावभाव आणि देखण्या स्लाइड यांपाशीच थांबतो. त्यामागे तीन समज असतात: छाप पडली की काम झाले, सामान्य श्रोत्याला तांत्रिक तपशील कळत नाही, आणि धोके सांगितले तर मंजुरी मिळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात जलसंधारणाचे काम ग्रामसभेपुढे मांडायचे असेल, तर हे तिन्ही समज टिकत नाहीत.

पहिला समज धोकादायक आहे. 'कोलंबिया' अंतराळयानाच्या उड्डाणात, जानेवारी २००३ मध्ये, फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना अभियंत्यांनी या आघाताच्या संभाव्य परिणामाबद्दल व्यवस्थापकांसमोर स्लाइड मांडल्या. आधीच्या चाचण्यांमधील फोमचा तुकडा ३ घनइंचांचा होता आणि या उड्डाणातला १,९२० घनइंचांचा धरला होता. म्हणजे चाचणीची मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली गेली होती. ही बाब आश्वासक मथळ्याखाली, स्लाइडच्या अगदी तळाशी होती. १ फेब्रुवारीला यान परतताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने या मांडणीवरही बोट ठेवले. अपघाताची कारणे अनेक होती. तरी एवढे स्पष्ट आहे की नीटस दिसणारी मांडणी सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाकू शकते.

दुसरा समज कायद्याशीच विसंगत आहे. केळापूर तालुक्यातील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गावविकासाच्या योजना व प्रकल्प अंमलबजावणीपूर्वी ग्रामसभेने मंजूर करायचे असतात. महाराष्ट्राचे त्यासाठीचे नियम २०१४ मध्ये आले. तपशील न कळता दिलेली मंजुरी ही केवळ सही ठरते. तपशील कळत नाही याचे कारणही बहुधा श्रोत्यात नसून मापात असते. 'नाल्यात १० टीसीएम साठा होईल' हे वाक्य अभियंत्यापुरते आहे. १ टीसीएम म्हणजे १० लाख लिटर, त्यामुळे १० टीसीएम म्हणजे १ कोटी लिटर. एका एकराला ५० मिलिमीटरची एक पाळी देण्यास सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे पाझर आणि बाष्पीभवन वजा न करता हा साठा एकदा भरला, तर फार तर ५० एकर कपाशीला एक पाळी मिळेल. असा हिशेब मांडताच शेतकरी नेमके प्रश्न विचारतो: हे ५० एकर कोणाचे? पाऊस उघडला तर पाणी कधीपर्यंत टिकेल? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. आकडे गावाला पेलतात, हे त्यातून सिद्ध होते.

भाषेचेही तेच. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, कोलामी बोलली जाते, तर गोंड वस्त्यांत गोंडी. कार्यालयीन मराठीतील मांडणी तिथे अर्धीच पोचते. गावातीलच दुभाषा आधी तयार करणे हा सादरीकरणाचाच भाग आहे.

तिसऱ्या समजामागे एक खरी अडचण आहे. निधी मार्चअखेर खर्च करायचा असतो, आणि प्रश्न वाढले की वेळ जातो. पण जे धोके सभेत सांगितले जात नाहीत, ते काम सुरू झाल्यावर वाद म्हणून पुढे येतात. कोणाचा बांध जाईल, गाळ कोण काढेल, देखभालीचा खर्च कोण करेल, हे तेव्हा ठरवण्यात अधिक वेळ जातो.

यातून योग्य मांडणीचा क्रम ठरतो. आधी शिवार फेरी काढावी आणि जमलेल्या लोकांकडून नाले, विहिरी, वहिवाटीच्या वाटा नकाशावर भरून घ्याव्यात. सभेत पहिल्याच वाक्यात कोणता निर्णय हवा ते सांगावे. त्यानंतर लाभ, खर्च, गावाचा वाटा आणि धोके सारख्याच ठळकपणे, एकर, लिटर व रुपयांत मांडावेत. दुसरा पर्याय आणि काम न करण्याचा परिणामही सांगावा. बोलण्याइतकाच वेळ प्रश्नांना द्यावा; स्त्रियांना आणि पोडावरच्या लोकांना आधी विचारावे. उत्तर माहीत नसेल, तर ते कधी मिळेल याची तारीख द्यावी. आक्षेप व आश्वासने इतिवृत्तात लिहून सभेतच वाचून दाखवावीत. मोठा विषय एका बैठकीत उरकू नये. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटात विषय समजून घेऊन सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली आहे. व्यवस्थापकाने अशा अभ्यासाला कागद आणि वेळ पुरवावा.

वक्तृत्व आणि चित्रे यांना या क्रमात जागा आहे, पण ती साधनाची. सादरीकरणाची कसोटी सभेनंतर लागते. सभेला आलेल्या माणसाला घरी जाऊन काम काय, पाणी किती, खर्च कोणाचा आणि धोका कोणता हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर मांडणी साधली. हे समजून ग्रामसभेने प्रकल्प नाकारला, तरी व्यवस्थापकाचे सादरीकरण यशस्वीच मानले पाहिजे.