गाळ उपसण्याआधी

नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता या वाटेने गोदावरीला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याबरोबर विदर्भाची मातीही जाते. २००६ साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळ खोदून गाळाचा कोअर, म्हणजे नळीत भरून आलेला उभा नमुना, वर काढला. त्यात सापडलेल्या पानांवरच्या मेणाच्या अंशावरून, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून मध्य भारत कोरडा होत गेला, असा निष्कर्ष २०१२ साली मांडला गेला. लोणार सरोवराच्या तळातला सुमारे दहा मीटरचा गाळही त्याच सुमाराच्या दीर्घ अवर्षणाची साक्ष देतो.

मात्र लांब आणि अखंड नोंद हवी असेल, तर एक छिद्र पुरत नाही. खोल समुद्रात नळी एका खेपेला साधारण साडेनऊ मीटर गाळ आणते. दोन खेपांच्या सांध्यावर काही गाळ निसटतो, काही कालवला जातो. म्हणून जहाज थोडे सरकवून शेजारीच दुसरे, तिसरे छिद्र घेतात आणि सगळ्यांचे सांधे एकाच खोलीवर येणार नाहीत, हे पाहतात. मग प्रत्येक तुकड्याची चुंबकीय ग्रहणशीलता, घनता आणि रंग दर काही सेंटिमीटरला मोजून आलेख एकमेकांशी जुळवतात. एका छिद्रातली फट दुसऱ्यातल्या सलग भागाने भरून निघते. ही जुळणी केली नाही, तर मधली शतके गळाली आहेत हे अभ्यासकाला कळतही नाही.

हा धडा विदर्भाने तातडीने घ्यायला हवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मालगुजारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सिंचन तलावांच्या तळाशी या भूमीचा पाऊस, पिके, वणवे आणि जंगलतोड यांची नोंद साचलेली आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून राज्यात जलाशयांचा गाळ निघतो आहे. तो निघालाच पाहिजे. तलावाला खोली हवी आणि शेताला माती हवी. पण पोकलेन एकदा उतरले, की त्या जागेची नोंद कायमची जाते.

तलावाच्या मऊ गाळाला जहाज लागत नाही. हाताने ठोकलेला पाइपही चालतो. मात्र एका पाइपवर थांबू नये. तलाव उन्हाळ्यात आटतो, तळ भेगाळतो, पूर्वीही कुठे गाळ काढलेला असतो. एकाच तलावातून दोन-तीन कोअर शेजारी-शेजारी, सांधे वरखाली ठेवून घेतले, तरच तुटलेली नोंद कुठली आणि सलग कुठली, हे ठरवता येईल. हे काम जाणणारी माणसे नागपुरातच आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय, छिद्रणात मुरलेली खनिजशोध कंपनी एमईसीएल आणि विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग, सगळे एकाच शहरात.

मृद व जलसंधारण विभागाने जुन्या तलावांपुरती एक अट घालावी: आधी कोअर, मग उपसा. जागा आणि खोली नोंदवलेले ते कोअर नागपुरात, कोणाही अभ्यासकाला तपासता येतील असे जपावेत. शंभर-दीडशे वर्षांच्या पर्जन्यनोंदींवर विदर्भाच्या पाण्याचे नियोजन चालते. शेकडो वर्षांचा पाऊस पायाखाली नोंदलेला असताना तो न वाचता ट्रॉलीत भरणे आपल्याला परवडणारे नाही.